धूर मारणारी स्प्लेंडर की कागद अडकलेली पल्सर?

भाच्याला साताऱ्याच्या एमआयडीसीत सीएनसी ऑपरेटर म्हणून काम लागले. घर कोरेगावच्या पलीकडच्या एका गावात, कंपनीपासून एका बाजूने साधारण २४ किलोमीटर. शिफ्ट दर आठवड्याला बदलणार. सेकंड शिफ्ट सुटते तेव्हा गावाकडे जाणारी एसटी नसते, म्हणजे गाडी ही हौस नव्हती. नवी स्प्लेंडर तेव्हा रस्त्यावर येईपर्यंत लाखाच्या घरात जात होती, आणि प्रोबेशनवरच्या पोराने हप्ता डोक्यावर घेऊ नये असे ताईचे ठाम मत. हातात ३५ हजार होते. त्यात गाडी, कागद आणि पहिली दुरुस्ती, सगळे बसवायचे. हे फेब्रुवारी २०२५ मधले प्रकरण आहे. त्यामुळे खाली येणारे सरकारी फीचे आकडे तेव्हाचे आहेत.

या पैशांत पंधरा वर्षांच्या आसपासची गाडीच येते. बऱ्याच बघून झाल्यावर दोन उरल्या.

पहिली, हिरो होंडा स्प्लेंडर प्लस, २००९ ची, एमएच ११ पासिंग. मालक शेजारच्या गावचे दूधवाले, पहिल्या हाताची गाडी, मागणी २२ हजार. दुसरी, बजाज पल्सर १५०, २०१० ची, एमएच १२ म्हणजे पुण्याची, साताऱ्यात एका सेकंड हँड गाड्यांच्या डीलरकडे उभी. मागणी २७ हजार, घासाघीस करून २४ पर्यंत येईल असा रंग होता.

भाच्याचे मन पल्सरवर. त्याच्या वयाच्या पोराला ९७.२ सीसीची दूधवाल्याची गाडी आवडावी अशी अपेक्षाच चुकीची. मी बरीच वर्षे स्पेअर पार्टच्या काउंटरवर काढलेली असल्याने ताईने त्याला माझ्याकडे पाठवले. मी स्प्लेंडरच्याच बाजूने बोलणार असे तो गृहीत धरून आला होता. पण यंत्र म्हणून पाहिले तर पल्सरच उजवी होती, आणि तिथूनच हे प्रकरण बघण्यासारखे होते.

गाड्या

डीलरकडे पहिल्यांदा गेलो तेव्हा पल्सर एका सेल्फवर सुरू झाली. इंजिनाच्या फिन्सना हात लावला तर गरम. आम्ही येणार हे फोनवर कळल्यावर त्यांनी आधीच तापवून ठेवली होती. जुन्या गाडीचे खरे आजार थंड इंजिनावरच कळतात. रात्रभर उभी राहिल्यावर पहिल्या स्टार्टला निळसर धुराचा एक भपका येऊन थांबला तर बहुधा व्हॉल्व्ह सील गेलेली असतात, ते काम त्या मानाने स्वस्त. गाडी तापल्यावरही रेस केल्या केल्या धूर येतच राहिला तर पिस्टनच्या रिंगा आणि बोअर (पिस्टन सरकतो ती नळी) गेलेले. टायमिंग चेनची खडखडही थंडपणीच जास्त ऐकू येते. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी, दुकान उघडताना, न सांगता गेलो. चोक ओढून दुसऱ्या सेल्फला सुरू झाली, चेन थोडी वाजली आणि ऑइल वर चढल्यावर गप्प झाली. धूर नाही. टाकीत मोबाइलचा टॉर्च मारला, तळाला थोडा गंज होता; गाडी बरेच महिने उभी असावी. पुढचा डिस्क ब्रेक चांगला धरत होता. क्लच जरा वर सुटत होता, पण प्लेटा अजून वर्षभर तरी गेल्या असत्या.

डिजिटल मीटरवर ३८ हजार किलोमीटर. ब्रेकचे पेडल आणि फूटरेस्टचे रबर त्याहून बरेच जास्त सांगत होते. मीटर बदललेला असणार. या वयाच्या गाडीचे किलोमीटर मी वाचतच नाही, त्यामुळे त्याचे दुःखही नाही.

स्प्लेंडर मात्र पाहताक्षणी दमलेली. दोन्ही बाजूंना दुधाच्या कॅनचे लोखंडी हूक, त्यांच्या ओझ्याने मागचे शॉकअप बसलेले. मेन स्टँडवर घेऊन मागचे चाक धरून आडवे हलवले तर चिमटा (मागचे चाक धरणारा दांडा) खुळखुळ वाजला, म्हणजे बुश संपलेले. हँडल सावकाश फिरवले तर मधोमध खाचेत बसल्यासारखे अडकत होते, कोनसेट, म्हणजे हँडलचे बेअरिंग, गेला. मीटरची केबल तुटलेली. किक हाताने दाबून पाहिली तर लोण्यात सुरी जावी तशी खाली गेली. कॉम्प्रेशन नावालाच होते. सुरू केल्यावर धूर, रेस केल्यावर आणखी धूर. प्लग काढला तर काळा आणि तेलकट.

"दादा, ऑइल किती पिते?" मी विचारले.

"महिन्याला पावशेर टाकतो बघा," ते म्हणाले. "पण इंजिन कधी उघडलं नाही. कंपनीचं हाय तसं हाय."

लिटरभर ऑइलवर चालणाऱ्या इंजिनात महिन्याला पाव लिटर. सरळ उत्तर होते. बरेच विक्रेते इथे 'धूर थंडीमुळे येतो' म्हणतात.

पल्सरचे पार्ट महाग असतात, गावाकडे मिळत नाहीत, असा एक आक्षेप घरातून आला होता. तो निकालात काढणे सोपे होते. २००१ पासून चालत आलेली, चाकणला बनणारी गाडी; तिचा पार्ट मिळत नाही असा तालुका पश्चिम महाराष्ट्रात सापडायचा नाही. स्प्लेंडरचे पार्ट त्याहून सहज मिळतात हे खरे. हिरो आणि होंडा वेगळे झाल्यावरही तेच ९७.२ सीसीचे इंजिन चालू राहिल्याने त्याचे किट पानपट्टीशेजारच्या गॅरेजातही मिळते. पण तेवढ्यावरून पल्सर नाकारण्यात अर्थ नव्हता.

खरा फरक पेट्रोलचा. महिन्याला २५ दिवस धरले तर १,२०० किलोमीटर होतात. इंजिन ठीक असलेली स्प्लेंडर ६० देईल, पल्सर १५० चाळीसच्या आसपास. म्हणजे २० लिटर विरुद्ध ३० लिटर. लिटरला १०५ रुपये धरून महिन्याला एक हजार पन्नास रुपयांचा फरक, वर्षाला १२,६००. भाच्याने हा हिशेब मान्य केला, पण त्याचे उत्तरही तयार होते, "मामा, रात्री अकराला तिथून यायचंय. पल्सरला लाइट आहे, डिस्क आहे. त्या स्प्लेंडरचा लाइट गाडी हळू केली की मेणबत्ती होतो."

बरोबर होते. त्या काळच्या स्प्लेंडरचा हेडलाइट मॅग्नेटोच्या, म्हणजे इंजिनासोबत फिरून वीज बनवणाऱ्या भागाच्या, करंटवर चालतो, बॅटरीवर नाही. इंजिन हळू झाले की लाइट मंद होतो, म्हणजे खड्डा पाहून गाडी हळू करावी तेव्हाच खड्डा दिसेनासा होतो. पुढे ड्रम ब्रेक. रात्रीच्या २४ किलोमीटरसाठी हजार रुपये जास्त मोजावेत, असे कोणी म्हटले तर मी त्याला वेड्यात काढणार नाही. कागद पाहण्याआधी मला कोणी विचारले असते तर मीही पल्सरच सांगितली असती.

कागद

एमपरिवहन या सरकारी ॲपवर दोन्ही नंबर टाकले.

स्प्लेंडरचे रजिस्ट्रेशन जून २००९ चे. खासगी गाडीला पंधरा वर्षे मिळतात, ती जून २०२४ मध्ये संपलेली. विमाही संपलेला. म्हणजे कायद्याने ती गाडी रस्त्यावर आणायचीच नाही, आणि दादा तिच्यावर रोज डेअरीला दूध घालत होते. रिपासिंगचा, म्हणजे रजिस्ट्रेशन पुढे वाढवण्याचा, खर्च असा: नूतनीकरणाची फी १,०००. ती एप्रिल २०२२ च्या आधी ३०० होती. उशिराबद्दल दुचाकीला महिन्याला ३००, महिन्याचा तुकडाही पूर्ण महिना धरतात, म्हणजे साधारण २,७००. महाराष्ट्राचा पर्यावरण कर दुचाकीला पाच वर्षांचे २,०००. थर्ड पार्टी विमा ७५ ते १५० सीसीच्या गटात ७१४ आणि वर जीएसटी, म्हणजे ८४३. एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबरप्लेट, जीएसटीसह ५३१. बेरीज सात हजार चौऱ्याहत्तर. पीयूसी आणि एजंट धरून साडेसात-आठ हजार. किंमत पाडायला हा आकडा उत्तम होता, आणि तो पूर्ण माहीत असलेला होता. आरसीवर बोजा (कर्जाची नोंद) नाही, चलन नाही, मालक समोर बसलेला.

पल्सरच्या आरसीची मुदत ऑगस्ट २०२५ पर्यंत होती. म्हणजे डीलर 'कागद क्लिअर' म्हणत होता त्याला सहा महिन्यांचेच आयुष्य. पुढे तिलाही फी आणि कर मिळून तीन हजार लागणारच. पुण्यातली सिग्नल तोडल्याची आणि हेल्मेट नसल्याची चलने मिळून साडेचार हजार बाकी. आणि खाली एक ओळ होती: एका फायनान्स कंपनीचा बोजा.

"ते लोन कधीच फिटलंय," डीलर म्हणाला. असेलही. २०१० चे कर्ज २०२५ पर्यंत कोण फेडत बसतो! पण कर्ज फिटणे आणि आरसीवरचा एचपी, म्हणजे हा बोजा, उतरणे ही दोन वेगळी कामे आहेत. दुसऱ्यासाठी फायनान्स कंपनीची एनओसी लागते, फॉर्म ३५ वर कंपनी आणि मालक दोघांच्या सह्या लागतात. आम्ही त्या कंपनीच्या शाखेत विचारले. खाते बंद दिसते, पण एनओसी फक्त कर्जदाराला मिळेल, असे उत्तर आले. त्यांचे चुकले नाही.

कर्जदार कोण? आरसीवरचा पुण्याचा पहिला मालक. त्याने गाडी कोणाला तरी विकली, त्याने आणखी कोणाला, मग ती डीलरकडे आली. मधल्या कोणीच नावावर करून घेतली नव्हती. डीलरकडे होते ते टीटी फॉर्म, म्हणजे २९ आणि ३० नंबरचे फॉर्म, खाली पहिल्या मालकाची सही आणि वरची सगळी जागा कोरी. कागद पिवळा पडलेला. सोबत दिलेला मोबाइल नंबर अस्तित्वात नाही असे ऐकू आले.

"टीटीवर सही आहे ना साहेब, मग काय काळजी? आमचा एजंट करून देतो."

वाहन पोर्टलवरचा ओटीपी मालकाच्या मोबाइलवर जातो, हे तो एजंटही जाणून असणार. कोऱ्या टीटीवर गाड्या हातोहात फिरायच्या तो काळ आता सरत आलाय. त्यात एचएसआरपी नसलेल्या जुन्या गाड्यांची हस्तांतरणाची, बोजाची कामे थांबवायची भूमिका परिवहन विभागाने घेतलेली. मोटार वाहन कायद्याच्या ५० व्या कलमाप्रमाणे विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. इथे मधल्या साखळीतल्या एकानेही ते केलेले नव्हते.

मी भाच्याला सर्वोच्च न्यायालयाचा फेब्रुवारी २०१८ चा एक निकाल सांगितला. गाडी अशीच तीन-चार हात फिरलेली, आरसीवर नाव पहिल्याचेच, आणि अपघात झाला तो ती शेवटच्याकडे असताना. न्यायालयाने ज्याचे नाव रजिस्टरमध्ये त्यालाच मालक धरले आणि भरपाईची जबाबदारी त्याच्यावर टाकली. म्हणजे पुण्यातला तो माणूस आज या पल्सरला जबाबदार आहे आणि त्याला ते बहुधा ठाऊकही नाही. भाचा म्हणाला, "मग मला काय? अडकला तर तो अडकेल." कायद्याच्या भाषेत त्याचे अगदीच चूक नव्हते. पण ऑगस्टमध्ये मुदत संपल्यावर रिपासिंगला मालकाचा अर्ज लागणार, आणि तो माणूस नसला तर २४ हजारांची चांगली चालणारी गाडी अंगणात उभी राहणार. पुढे कोणाला विकतानाही हाच पिवळा कागद पुढे करावा लागणार.

डीलरला आम्ही एक सरळ प्रस्ताव दिला: पहिला मालक शोधा, बोजा उतरवा, चलने भरा, मग २७ हजार पूर्ण देतो, घासाघीस नाही. त्याने हसून चहा मागवला. तिथेच आमचे ठरल्यात जमा होते. मालक सापडण्यासारखा असता तर पूर्ण मागणी मिळत असताना त्याने चहा नसता मागवला.

हिशेब आणि व्यवहार

गंमत अशी की दोन्हींचा एकूण आकडा जवळपास सारखाच येत होता. पल्सर २४,०००, चलने ४,५००, ऑगस्टचे नूतनीकरण आणि कर ३,०००, विमा आणि नंबरप्लेट १,३७४. मिळून ३२,८७४, आणि बोजाचे घोंगडे तसेच भिजत. स्प्लेंडरही दुरुस्तीसह तेहेतीसच्या आतच बसत होती. फरक एवढाच की तिथल्या पैशाला नवा पिस्टन, नवी चेन आणि नवा टायर येणार होता.

दादांशी बोलणी ताईने केली, मी नुसता बसून होतो. मुदत संपलेली गाडी दुसरे कोणी घेणार नाही हे त्यांनाही कळत होते, आणि भंगारात तिचे फार काही येत नव्हते. ठरले ते असे: रिपासिंग, विमा, नंबरप्लेट सगळे दादांनी आपल्या नावाने, आपल्या खर्चाने करायचे; आरसीवर नवी तारीख आली की २० हजार. ३,००० इसार, चिठ्ठीवर लिहून, दोघांच्या सह्या. बाकीचे आरटीओच्या आवारात, टीटीवर आमच्यासमोर सही केल्यावर. मुदत संपलेली गाडी स्वस्तात घेऊन 'नंतर आम्ही करून घेऊ' म्हणणारे पुष्कळ असतात. मालकाचा उत्साह पैसे मिळेपर्यंतच असतो, म्हणून क्रम उलटा लावला.

आरटीओतल्या तपासणीच्या दिवशी एक अडचण आली. चासी नंबर हँडलखालच्या मानेवर कोरलेला असतो, त्याची पेन्सिलने छाप घ्यावी लागते. पंधरा वर्षांचे सांडलेले दूध, धूळ आणि ग्रीस यांचा तिथे खडकासारखा थर झालेला. दादा पॉलिश पेपर घेऊन बसणार तेवढ्यात त्यांना थांबवले. नंबरवर ओरखडे दिसले की खाडाखोड केल्याचा संशय येतो आणि प्रकरण भलतीकडे जाते. रॉकेल तिथे कुठले मिळायला, पेट्रोलात भिजवलेले फडके आणि जुना टूथब्रश यांवर काम झाले. आकडे शाबूत होते. कॅनचे हूक आदल्या दिवशीच काढून घेतले होते.

नंतर गाडी नेहमीच्या मिस्त्रीकडे टाकली. हाफ इंजिन, म्हणजे हेड आणि पिस्टनचे काम, करायचे ठरलेच होते. हेड उघडून पिस्टन बाहेर काढला, कार्बन खरवडला, तर माथ्यावर ५० चा शिक्का. म्हणजे ०.५० ओव्हरसाइझचा पिस्टन, ब्लॉक आधी बोअर झालेला. 'इंजिन कधी उघडलं नाही' याचा हा पुरावा! दादांना विचारले तर ते खरोखर गोंधळले. थोरल्या मुलाने कधी करून आणले असेल म्हणाले. मला ते खोटे वाटले नाही. आणि वाटले असते तरी फरक पडत नव्हता, कारण भाव ठरवताना इंजिन उघडावे लागणार हे धरूनच ठरवला होता. ब्लॉक पुन्हा बोअर करून ०.७५ चा पिस्टन टाकता आला असता, हजारभर वाचले असते. पण पातळ झालेल्या ब्लॉकवर रोज ४८ किलोमीटर नको म्हणून बोअर-पिस्टनचा नवा किट घातला. व्हॉल्व्ह सील, गॅस्केट, टायमिंग चेन, मजुरी धरून ६,४०० झाले. चिमट्याचे बुश, कोनसेट, चेन-स्पॉकेट आणि मागचा टायर मिळून ४,३००. ट्रान्सफरची सरकारी फी थोडकीच असते. एजंटसह १,५०० गेले. एकूण ३२,२००. उरलेल्यात हेल्मेट आले.

पहिले ५०० किलोमीटर पन्नासच्या वर न्यायची नाही, मग ऑइल बदलायचे, हे त्याने निमूट पाळले. आता गाडी ५८ च्या आसपास देते. पेट्रोलमध्ये इथेनॉल वाढल्यापासून जुन्या कार्बोरेटरच्या गाडीकडून साठाचा हट्ट धरत नाही. गाडी दोन-तीन आठवडे उभी राहणार असेल तर कार्बोरेटर रिकामा करून ठेव, रबरी भाग लवकर फुगतात, एवढे त्याला सांगून ठेवले आहे.

ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांपुढच्या दुचाकीच्या नूतनीकरणाची फी २,००० झाली. या स्प्लेंडरची वीस वर्षे २०२९ मध्ये भरतील, त्याच्या बऱ्याच आधी ती विकायची असा बेत आहे.

लाइटचा प्रश्न मात्र पल्सरच्या बाजूने होता तो तसाच आहे. मॅग्नेटोची कॉइल आणि हेडलाइटचा रिफ्लेक्टर बदलल्यावर उजेड थोडा सुधारला. पावसाळ्यात सेकंड शिफ्टच्या आठवड्यात तो कंपनीतल्या दुसऱ्या एका मुलाच्या मागे बसून येतो आणि पेट्रोलचे अर्धे पैसे देतो. त्या मुलाकडे पल्सर आहे, स्वतःच्या नावावरची.